हरण्यास तयार असलेला पुढारी

पुढाऱ्याचा शब्द त्याच्याच मंडळीनें मोडून काढिला, तर त्याचा मान राहतो कीं जातो? आपल्या खेड्यांत सभा भरते, सतरंजी अंथरली जाते. परंतु निकाल बहुधा आदल्या रात्रींच कोणाच्या तरी ओट्यावर लागलेला असतो. सभेनें केवळ मान डोलवावयाची. हें योग्य आहे काय, ह्याचा विचार करितां आम्हांस इंग्लंडांतील एका शाळेचें उदाहरण बोधप्रद वाटतें.

सफोक परगण्यांत लेस्टन ह्या लहानशा गांवीं समरहिल नांवाची स्वतंत्र शाळा आहे. ए. एस. नील ह्या स्कॉटिश शिक्षकांनीं ती १९२१ सालीं जर्मनींत काढिली, व १९२७ पासून ती लेस्टन येथें आहे. मुलगे व मुली तेथें एकत्र राहतात व शिकतात. नील हे खेड्यांतील शाळामास्तरांचे पुत्र; धाकाची शाळा त्यांनीं जवळून पाहिली होती. म्हणून आपल्या शाळेंत त्यांनीं असें ठरविलें कीं, रोजच्या राहणीचे नियम सर्वांच्या सभेनें करावे, आणि त्या सभेंत सहा वर्षांच्या पोराच्या मतास मुख्याध्यापकांच्या मताइतकेंच वजन असावें.

नील ह्यांच्या कचेरीखालच्या दिवाणखान्यांत मुलें फुटबॉल खेळत, व त्या धडधडाटानें त्यांच्या कामांत व्यत्यय येई. हा खेळ घरांत बंद व्हावा अशी सूचना त्यांनीं सभेपुढें मांडिली. बहुतेक शिक्षक त्यांच्या बाजूस होते, तरी सूचना नापास झाली! शाळा त्यांनींच काढिलेली. एका शब्दानें त्यांस चेंडू हिसकावून घेतां आला असता. त्यांनीं तसें केलें नाहीं. गोंगाट सोशीत ते सभेंत पुनः पुनः आपलें म्हणणें मांडीत राहिले, आणि बहुमत मिळालें तेव्हांच खेळ बंद झाला.

कोणी म्हणेल, हा दुबळेपणा होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या नियमापुढें मुख्याध्यापक वांकतो, त्यापुढें वांकण्यांत मुलास कमीपणा वाटत नाहीं. शिवाय नील ह्यांनीं सर्वच कांहीं सभेवर सोपविलें नव्हतें. शिक्षकांच्या नेमणुका त्यांनीं आपल्याच हातीं ठेविल्या होत्या, व तें लपविलें नव्हतें. जें आपणाकडे ठेवावयाचें तें उघड सांगावें. जें एकदां दिलें तें गैरसोय होतांच परत घेऊं नये. पुढारपणाची सचोटी ती हीच.

नील १९७३ सालीं वारले, पण ही वहिवाट त्यांच्या मागें टिकली. तासास बसणें न बसणें तेथें मुलाच्या इच्छेवर असतें. १९९९ च्या तपासणीनंतर ह्याच मुद्द्यावरून सरकारशीं तंटा झाला, आणि शाळा बंद पडण्याची पाळी आली. मार्च २००० मध्यें लंडन येथें सुनावणी चालू असतां तडजोड पुढें आली. नील ह्यांच्या कन्या झोई रेडहेड तेव्हां मुख्याध्यापिका होत्या. तडजोड परस्पर पत्करिली गेली नाहीं. मुलांनीं त्याच न्यायदालनांत सभा भरविली, तींत चर्चा केली, व मतें घेऊन ती मान्य केली.

तास ऐच्छिक असावे, ही शिफारस आम्ही करीत नाहीं. ज्या घराण्यांस वर्गांत बसण्याचा हक्कच पिढ्यान्‌पिढ्या नाकारला गेला, त्यांच्या मुलीस ‘येणें न येणें तुझी मर्जी’ असें सांगणें म्हणजे तिला पुनः घरकामास जुंपणें होय. कारण मर्जी तिची राहणार नाहीं, घरच्यांची होईल. परंतु तासाची सक्ती ठेवूनही मुलांचें ऐकणें कोठें अडतें?

वाचकहो, आपणांपैकीं कोणी पंच आहेत, कोणी शिक्षक, कोणी घरांतील वडील. पुढल्या सभेस जातांना प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें : आज सर्वांचें मत माझ्याविरुद्ध पडलें, तर तें मी पाळीन काय? उत्तर ‘नाहीं’ असेल, तर लोकांस कामें टाकून बोलावूं नये. आपला हुकूम सरळ सांगावा. आणि उत्तर ‘होय’ असेल, तर आधीं सर्वांत धाकट्यास बोलूं द्यावें, व आपण शेवटीं बोलावें.