पंचवीस आणि बावन्न

"पंचवीस लिहा," असं मी सांगायचे आणि खिडकीजवळचा एक मुलगा ५२ लिहायचा. बत्तीस सांगितलं की २३. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे एका खोलीत दोन इयत्ता, त्यातली एक तिसरी. सहा महिने मी त्याला रागावत होते. लक्ष नसतं, घरी कुणी अभ्यास घेत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. मग गटसाधन केंद्रातून फिरत्या विशेष शिक्षिका आल्या. खरं तर त्या आल्या होत्या एका कमी ऐकू येणाऱ्या मुलीसाठी. पण दिवसभर मागे मुलांच्या सतरंजीवर बसून राहिल्या, आणि शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोलता त्याच क्रमाने तो लिहितो. आधी पाच, मग वीस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं मी पंचवीस म्हणत आले होते आणि त्यात पाच आधी येतो, हे माझ्या कानाला कधी जाणवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खराट्याच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले. गठ्ठे किती? दोन. ते आधी लिहायचे. सुट्या किती? पाच. त्या नंतर. त्याच्यासाठी केलेले गठ्ठे पहिल्याच दिवशी आणखी नऊ जणांनी मागून घेतले. त्या नऊ जणांपैकी एकाचंही नाव विशेष गरजा असलेल्या मुलांच्या कुठल्या यादीत नव्हतं.

म्हणूनच जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून गदारोळ झाला, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 'एकवीस'च्या सोबतीला 'वीस एक' असंही वाचन मुलांपुढे ठेवलं होतं. जुनी नावं कुणी काढून घेतली नव्हती. तरी विधिमंडळापासून व्हॉट्सॲपपर्यंत थट्टा झाली, संख्या असलेल्या आडनावांचीसुद्धा. भाषेच्या काळजीने बोलणाऱ्यांची तळमळ मी समजू शकते. पाढ्यांची लय माझ्याही अंगात मुरलेली आहे. पण त्या सगळ्या चर्चेत ५२ लिहिणारा मुलगा कुठेच नव्हता. आपल्या संख्यानामांत एकोणतीससारखा शब्द आहे. ऐकू येतो तीस, लिहायची सुरुवात मात्र दोनापासून. बहुतेक मुलं हा खड्डा न बघताच ओलांडतात. काहींचा पाय त्यात अडकतो, आणि आपण त्यांना विचारतो, तुझं लक्ष कुठे आहे?

लिपीतही असे खड्डे आहेत. 'कि' म्हणताना क आधी, वेलांटी मात्र त्याच्या डावीकडे. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो, पण लिहिताना तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. शिकवणाऱ्याच्या हाताला हे इतकं सवयीचं झालेलं असतं की त्यातली अडचण त्याला स्वतःहून दिसत नाही. ती दाखवायला दुसरं माणूस लागतं, वर्गात बसणारं. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच आहे, आणि ते मी अनुभवाने सांगते आहे.

कायदा आपल्याकडे आहे, आणि तो चांगला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांचे एकवीस केले. विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांना त्यात जागा मिळाली. शेजारच्या मुलांसोबत, त्याच शाळेत शिकण्याचा हक्क स्पष्ट झाला. त्यानंतर आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं. सभागृहात एका दिवसात एकवीस प्रकारांची नावं आणि लक्षणं. माहिती खरी होती, सांगणारे कळकळीचे होते. पण सोमवारी सव्वाअकराला, एका इयत्तेला वजाबाकी देऊन दुसरीकडे धडा वाचत असताना, एक मूल टेबलाखाली जाऊन कानावर हात ठेवून बसलं, तर पुढच्या पाच मिनिटांत मी काय करायचं? तसं खरंच घडलं त्या दिवशी मला लक्षणांची यादी आठवत होती आणि हात रिकामे होते. त्याला घंटेच्या आवाजाचा त्रास होत होता, हे मला चार महिन्यांनी त्याच्या आजीने सांगितलं.

शिक्षकाने निदान करू नये, ते डॉक्टरांचं आणि तज्ज्ञांचं काम. पण प्रमाणपत्र येईपर्यंत मूल वर्गातच असतं. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. तो मिळालाच पाहिजे. मात्र वाचताना अक्षरं हरवतात ती दुसरी-तिसरीत. तिथे जादा वेळ द्यायला कुठल्याही कागदाची गरज नाही. पाच गणितांऐवजी तीन दिली, उत्तर तोंडी घेतलं, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील चिठ्ठी दिली, तर कुणाचंच नुकसान होत नाही. हे मला उशिरा कळलं. कुणी शेजारी बसून सांगितलं असतं तर लवकर कळलं असतं.

आणि शेजारी बसणारं ते माणूसच आपण पुरेसं दिलेलं नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते ठरवलं: विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे प्राथमिकला दहास एक, उच्च प्राथमिकला पंधरास एक. माझ्याकडे येणाऱ्या बाईंकडे मात्र कितीतरी गावं होती. त्यातही त्यांचे दिवस शिबिरांत, अर्ज भरण्यात, पालकांना तालुक्याला नेण्यात जायचे. संख्या वाढायलाच हवी. पण वाढलेली माणसंही कागदांतच अडकली तर वर्गातली सतरंजी रिकामीच राहणार.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. मुलांच्या बाबतीत ही गोष्ट आपण आदराने सांगतो. शिक्षकांना मात्र अजूनही वर्ग बंद ठेवून प्रशिक्षणाला बोलावतो. ते प्रशिक्षण त्यांच्या वर्गात का जाऊ नये?

दर महिन्याला आमच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होते. एका वर्षी मी केंद्रप्रमुखांना विनंती केली: परिपत्रकं शेवटी वाचू, आधी प्रत्येक वेळी एका मुलाची वही टेबलावर ठेवू. नाव झाकून. त्यांनी मान्य केलं. पहिल्या वेळी चौथीतल्या एका मुलीची वही होती. ओळी तिरक्या, शब्द एकमेकांना चिकटलेले, प्रत्येक पानाखाली लाल शेरा. कुणी म्हणालं, चौकटीची वही देऊन बघा. कुणी म्हणालं, दोन शब्दांत बोट ठेवायला सांगा. एक शिक्षिका पेन्सिलला रबरबँड गुंडाळून दाखवत होत्या. निवृत्तीला आलेले एक गुरुजी बराच वेळ वही उलटत राहिले. मग म्हणाले, "अशी एक माझ्याकडे होती. मी तिला दोनदा नापास केलं. नंतर ती आलीच नाही."

त्या दिवशी परिपत्रकं वाचायला वेळ उरला नाही. गुरुजींनी ती वही मागून घेतली, आणि पुढच्या महिन्यात स्वतःच्या वर्गातल्या दोन वह्या घेऊन आले.