पुढची रिकामी जागा कोणाची?

इंदुरात पलासियाच्या चौकाकडे जाताना पुढच्या मोटारीपासून थोडे अंतर राखण्याची माझी सवय आहे. त्या अंतरात लगेच कोणीतरी दुचाकी घुसवतो, मागचा भोंगा वाजवतो आणि शेजारी बसलेला नातू म्हणतो, "आजोबा, तुम्ही जागा सोडता म्हणून सगळे पुढे जातात." त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच प्रश्न पडतो : जे राखल्याने आपलेच नुकसान होते, ते राखणे कर्तव्य म्हणावे की भाबडेपणा?

वाहतूकशास्त्रात दोन मापे आहेत. एका क्षणी किलोमीटरभर रस्त्यावर किती वाहने आहेत, ती घनता. आणि एका वाहनाच्या पुढच्या टोकापासून त्याच्यापुढील वाहनाच्या पुढच्या टोकापर्यंतचे ते अंतर. किलोमीटरमध्ये ३० वाहने असली तर सरासरी अंतर सुमारे ३३ मीटर. ही दोन्ही मापे परस्परांचे व्यस्त आहेत. अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी ओहायो राज्यातील रस्त्यांवर चलच्चित्रणाच्या कॅमेऱ्याने लागोपाठच्या चित्रांतून वाहनांचे वेग आणि अंतरे मोजली व १९३५ साली आपली मांडणी प्रसिद्ध केली. घनता वाढते तसा वेग घटतो. आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक नवे वाहन रस्त्याचा एकूण प्रवाहच कमी करते, असा तिचा मथितार्थ.

या गणितात एक नैतिक सत्य दडलेले आहे. घनता कोणा एकाची नसते. कोणत्याही एका वाहनाकडे बोट दाखवून 'ही घनता' असे म्हणता येत नाही. अंतर मात्र प्रत्येकाचे स्वतःचे असते. एकच वस्तुस्थिती समाजाच्या बाजूने पाहिली की घनता, व्यक्तीच्या बाजूने पाहिली की अंतर. 'गर्दी फार झाली' असे आपण सारे म्हणतो. 'मी फार जवळ गेलो' असे कोणी म्हणत नाही.

जपानमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साडेदहा मीटरांहून किंचित कमी. ना सिग्नल, ना अपघात, ना अरुंद पूल. सर्वांनी ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग राखायचा होता. तरीही वेगातले बारीक चढउतार वाढत गेले, काही मोटारी थांबल्या आणि कोंडीची लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकू लागली. अपराधी कोणीच नव्हता. ज्याच्या ब्रेकने लाट उठते तो पुढे निघून जातो. भोगतात ते मागचे, ज्यांचे तोंडही त्याला दिसत नाही. पुरेसे अंतर राखणारा चालक त्या धक्क्याला आपल्यापाशी जिरवतो. तेव्हा पुढची जागा तो मागच्यांसाठी राखत असतो.

आता नातवाचा आक्षेप. आपल्या रस्त्यांवर मार्गिका नावापुरत्या. रिक्षा, टेम्पो, दुचाकी शेजारी-शेजारी चालतात; 'समोर कोण' हेच ठरत नाही. आपल्याकडील अभियंतेही निरनिराळ्या वाहनांना मोटारीच्या एककात रूपांतरित करतात, कधी रस्त्याचे किती क्षेत्र व्यापले गेले ते मोजतात. अशा ठिकाणी एकट्याने नियम पाळून काय साधते?

हिशेबच करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. तेवढे अंतर राखावे, हा सर्वपरिचित संकेत. त्यात एक मोटार शिरली आणि मी पुन्हा तेवढाच मागे राहिलो, तर मला उशीर होतो दोन सेकंदांचा. दहा शिरल्या, तर वीस सेकंदांचा. चौकात ताशी १० किलोमीटरने सरकताना तर दोन सेकंदांचे अंतर सहा मीटरही भरत नाही. म्हणजे कर्तव्यही परिस्थितीप्रमाणे आखडते, अशक्य होत नाही. आपण ज्याला नुकसान समजतो ते बहुधा वेळेचे नसते, मानाचे असते. 'तो माझ्यापुढे गेला' ही बोच वीस सेकंदांहून मोठी वाटते.

माझ्या एकट्याच्या अंतराने शहराची घनता घटणार नाही, हे मान्य. पण सर्वांची अंतरे मिळूनच घनता होते, आणि त्यांतले एकच माझ्या हाती आहे. नातवाला मी एवढेच सांगितले : बाळा, ती जागा रिकामी दिसते, पण ती मोकळी नाही. मागून येणाऱ्यांची ती ठेव आहे. ती घेऊन कोणी पुढे गेला, तर पुन्हा भरावी.