ज्ञानाचा आधार आणि निर्णयाचा भार

लोकप्रतिनिधींनी निर्णयापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, ही अपेक्षा राज्यसंस्थेइतकीच जुनी आहे. दरबारातील अमात्याची जागा आधुनिक नगरशासनात अर्थशास्त्रज्ञाने आणि संख्याशास्त्रज्ञाने घेतली, एवढाच काय तो फरक. न्यूयॉर्क शहराने १९८९ च्या सनददुरुस्तीद्वारे स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालयाची तरतूद केली. सत्ताधाऱ्यांच्या आकड्यांवरच नगरसभेला आणि नागरिकांना विसंबून राहावे लागू नये, हा अशा व्यवस्थेमागील हेतू असतो आणि त्याच्या चांगुलपणाविषयी वाद नाही. तथापि तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. संशोधनाने निर्णयाला आधार द्यावयाचा असतो. परंतु निर्णयाचा भारही त्याच्यावर टाकता येतो काय?

या प्रश्नाचा कस पाहणारे एक उदाहरण अमेरिकेच्या वायव्य टोकाकडील सिअ‍ॅटल शहरात घडले. तेथील नगरसभा नऊ सदस्यांची आहे आणि शहरापुरते कायदे करण्याचा अधिकार तिला आहे. जून २०१४ मध्ये या सभेने एकमताने ठरविले की शहरातील किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरवर न्यावे. त्या वर्षी वॉशिंग्टन राज्याचा दर ९.३२ डॉलर होता. पहिली वाढ एप्रिल २०१५ मध्ये अमलात आली आणि जानेवारी २०१६ पासून मोठ्या आस्थापनांसाठी दर १३ डॉलरपर्यंत गेला. या निर्णयाचे परिणाम तपासण्याचे काम शहराने वॉशिंग्टन विद्यापीठातील अभ्यासकांना दिले. आपल्याच कायद्याची परीक्षा आपल्याच तिजोरीतील पैसे देऊन करवून घेणे, हे कोणत्याही सभागृहाला भूषणावह आहे.

परीक्षेचा निकाल जून २०१७ मध्ये हाती आला आणि तो रुचणारा नव्हता. २०१६ च्या वाढीनंतर अल्पवेतनाच्या कामांतील ताशी मोबदला सुमारे ३ टक्के वाढला, पण कामाचे तास सुमारे ९ टक्के घटले. परिणामी अशा कामगाराची कमाई सरासरीने महिन्याला १२५ डॉलरने कमी झाली, असा तो निष्कर्ष होता. याच्या काही दिवस आधी बर्कले येथील अभ्यासकांचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. त्यांनी खाद्यगृहांतील नोकऱ्यांचा विचार केला होता आणि वेतन वाढूनही रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नव्हते. दोन्हीकडे जाणती माणसे होती. एका अभ्यासात कामाच्या तासांची नोंद होती, जी अमेरिकेतील मोजक्याच राज्यांत ठेवली जाते. परंतु अनेक शाखा असलेल्या आस्थापना त्यातून वगळाव्या लागल्या होत्या. दुसऱ्यात सर्व आस्थापना होत्या, पण व्यवसाय एकच होता आणि तासांचा हिशेब नव्हता.

पुढे जे घडले ते सर्वत्र घडते. वेतनवाढीच्या समर्थकांनी बर्कलेचा अहवाल उचलला, विरोधकांनी विद्यापीठाचा. उत्तर आधी ठरवून त्याला साजेसा पंडित निवडणे, हा अज्ञानाहून गंभीर दोष आहे. कारण अज्ञानी मनुष्य निदान शिकू शकतो. ज्याला प्रतिकूल उत्तर ऐकावयाचे नाही त्याने प्रश्न विचारलेलाच नसतो. त्याने केवळ साक्षीदार बोलावलेला असतो.

परंतु या प्रकरणातील खरा बोध त्या वादानंतर मिळाला. विद्यापीठाच्याच अभ्यासकांनी २०१८ मध्ये सरासरी बाजूला ठेवून एकेका कामगाराचा माग घेतला. तेव्हा दिसले की जे आधीपासून कामावर होते आणि अनुभवी होते, त्यांची कमाई वाढली. त्या वाढीचा सुमारे चौथा हिस्सा त्यांनी शहराबाहेर जादा तास काम करून मिळविला होता. कमी अनुभवी कामगारांच्या पदरात फारसे काही पडले नाही. आणि अल्पवेतनाच्या कामात नव्याने शिरणाऱ्यांचा ओघ मंदावला. २०२२ मध्ये हे संशोधन अंतिम स्वरूपात प्रसिद्ध करताना, एकत्रित आकडेमोडीत रोजगारावरील परिणाम बहुधा वाजवीपेक्षा मोठा दिसतो, हे अभ्यासकांनी स्वतःच नमूद केले.

१२५ डॉलर गमावणारा तो सरासरी कामगार शहरातील कोणत्याही रस्त्यावर भेटला नसता. भेटली असती ती पगार वाढलेली अनुभवी स्वयंपाकीण, आणि दाराशी उभा असलेला, अजून कोणीच कामावर न घेतलेला मुलगा. स्वयंपाकिणीला मत आहे, संघटना आहे, कदाचित सभागृहात तिची बाजू मांडणारा कोणी आहे. न मिळालेल्या नोकरीची तक्रार मात्र कोणी नोंदवीत नाही, कारण ती आपल्याला मिळणार होती हे त्या मुलालाही ठाऊक नसते. अशा अदृश्य माणसाला सभागृहापुढे उभे करणे, हे संशोधनाचे सर्वांत मोठे नैतिक कार्य आहे.

त्यापुढे मात्र संशोधनाची सत्ता संपते. जे आहे त्यावरून जे असावे ते तर्काने काढता येत नाही, हे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवून दिले. स्वयंपाकिणीच्या लाभासाठी त्या मुलाने किती काळ दाराशी थांबावे, याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात नाही. तो काळ सुसह्य करण्यासाठी शहराने आणखी काय द्यावे, हेही कोष्टक सांगणार नाही. ते ठरविण्यासाठीच नागरिकांनी नऊ माणसे निवडून दिलेली असतात. ‘तज्ज्ञांनी सांगितले म्हणून केले’ हे वाक्य त्यांना शोभत नाही, आणि ‘तज्ज्ञांचे ऐकण्याची गरज नाही’ हे तर मुळीच शोभत नाही. परिणाम जाणून घ्यावा, ज्याचे नुकसान होईल त्याला नावानिशी ओळखावे, अप्रिय उत्तर आणणाऱ्या अभ्यासकाला पुढील वर्षीही काम द्यावे, आणि मग हात वर करताना तो हात आपला आहे हे मान्य करावे. विधिसभेच्या प्रामाणिकपणाची कसोटी इतकी साधी आहे, आणि तितकीच अवघडही.