पाहून झाले, की दर्शन झाले?



आषाढ लागला की कोल्हापूरच्या वाटांवर दोन प्रकारची पावले दिसू लागतात. काही दिंडीबरोबर पंढरीला गेलेली असतात. ज्यांना तेवढे जमत नाही ते एकादशीला टाळ-मृदंगाच्या गजरात करवीर तालुक्यातल्या नंदवाळला, आपल्या प्रतिपंढरपूरला, चालत जातात. वाटेत पुईखडीवर रिंगण होते आणि पावसात भिजलेला म्हातारासुद्धा तिथे फुगडी धरतो. दुसरी पावले डोंगराकडे वळतात. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार, विशाळगड, दाजीपूरचे जंगल, गगनबावड्याचा घाट, जिकडे तिकडे धुके आणि धबधबे. रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते.

दोघेही घर सोडतात. दोघेही भिजतात, दोघांचेही पाय दुखतात. मग एकाच्या चालण्याला यात्रा आणि दुसऱ्याच्या चालण्याला सहल का म्हणायचे? हा फरक ठिकाणाचा आहे की जाणाऱ्याचा? आणि पंढरीच्या वारकऱ्याने गडकोटांच्या वाटेला जावे की जाऊ नये?

आधी पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, देव चराचरांत आहे, मग सगळीच ठिकाणे सारखी. अरणच्या सावतोबांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मळा सोडून ते कुठे गेले नाहीत, विठ्ठल त्यांना मळ्यातच भेटला. म्हणजे न जाणेसुद्धा भक्ती असू शकते. दुसरा म्हणेल, पंढरी ती पंढरी. बाकी सगळी डोळ्यांची हौस, ती वारकऱ्याला कशाला? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन्हींत नाही, कारण दोघेही ठिकाणाविषयी बोलतात. जाणाऱ्याविषयी कोणीच बोलत नाही.

म्हणून एक खरी वाट घेऊन विचार करू. पन्हाळा ते विशाळगड.

१६६० सालच्या मार्चपासून शिवाजी महाराज पन्हाळ्यावर होते आणि सिद्दी जौहरचा वेढा गडाभोवती पडला होता. चार महिने गेले. पावसाळा आला तरी वेढा उठेना. १२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमेच्या रात्री, भर पावसात महाराज निवडक मावळ्यांनिशी राजदिंडीने गड उतरले. माउली, हा शब्द लक्षात ठेवा. दिंडी म्हणजे आपली पताका घेऊन चालणारी दिंडी, आणि दिंडी म्हणजे गडाचे छोटे दारही. मोठ्या दरवाजातून मिरवत जाता येते, दिंडीतून वाकूनच बाहेर पडावे लागते.

परंपरा सांगते की पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूर गावचे शिवा काशीद महाराजांसारखे दिसत. ते महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसले, शत्रूच्या हाती लागले आणि मारले गेले. तेवढ्या वेळात खरी पालखी मसाई पठार ओलांडून पुढे गेली. वाड्या, धनगरवाडे, चिखल, ओढे तुडवीत सुमारे ६० किलोमीटरांची ती वाट. पांढरेपाण्याच्या पुढे घोडखिंड लागते. तिथे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे पाठलाग अडवून उभे राहिले. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही. बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी तिथेच पडले. त्या खिंडीला लोक तेव्हापासून पावनखिंड म्हणतात.

आता या वाटेवर दोन माणसे चालताना डोळ्यांपुढे आणा. दोघांनी एकच वाट तुडवली, एकच पाऊस अंगावर घेतला. घरी परतल्यावर पहिला म्हणतो, "पन्हाळा पाहून झाला, अंधारबाव झाली, अंबरखाना झाला, पावनखिंड झाली. आता पुढच्या वेळी दुसरे काहीतरी बघू." दुसरा म्हणतो, "पुढच्या आषाढात पुन्हा जायचे आहे."

यात्रा आणि सहल यांतली पहिली खूण इथे सापडते. आजवर एकाही वारकऱ्याच्या तोंडून तुम्ही "पंढरपूर पाहून झाले" असे ऐकले आहे का? पन्नास वर्षे वारी केलेला माणूससुद्धा असे म्हणत नाही. पाहणे संपते, भेट संपत नाही. आईला भेटून आलेला मुलगा "आई पाहून झाली" म्हणत नाही. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे आहे.

दुसरी खूण याहून खोल आहे. गडाच्या टोकावर उभे राहून आपण दरी पाहतो. दरी आपल्याकडे पाहत नाही, म्हणून तिथे आपण कसेही उभे राहिलो तरी मनाला काही वाटत नाही. पण गाभाऱ्यात विठ्ठलापुढे उभे राहिलो की आपण पाहतो आणि आपल्यालाही कोणी पाहते. त्या एका क्षणासाठी माणूस टोपी नीट करतो, चप्पल बाहेर काढतो, मनातले वाकडे विचार झाकू पाहतो. दर्शन दोन्ही बाजूंनी होते. ज्या जागी आपल्याला कोणी पाहत आहे असे वाटते तिथे आपण यात्रेकरू होतो, आणि जिथे आपण एकटेच पाहणारे असतो तिथे सहलीला आलेले असतो.

मग पावनखिंडीत स्वतःला विचारून पाहावे: इथे पडलेले मावळे आत्ता माझ्याकडे पाहत असतील तर त्यांना काय दिसेल? पाण्याची रिकामी बाटली कपारीत टाकणारा हात दिसेल? ज्या दगडावर कोणी शेवटचा श्वास घेतला त्यावर पाय देऊन फोटो काढणारा दिसेल? गडावर रात्री बाटली फोडून धिंगाणा घालणारे दिसतील? त्यांनी जीव दिला तो कोणीतरी पलीकडे सुखरूप जावा म्हणून. पलीकडे सुखरूप गेलेले आपणही आहोत. म्हणून त्या वाटेवर आपण ऋणको म्हणून चालतो, गिऱ्हाईक म्हणून चालत नाही.

इथे कोणी शंका काढील. तिथे तर रक्त सांडले, तलवारी चालल्या. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याने तिथे काय म्हणून माथा टेकायचा? शंका रास्त आहे. पण आपण मारण्यापुढे वाकत नाही. शिवा काशीदांनी त्या रात्री पालखीत बसून दुसऱ्याचे मरण आपल्या अंगावर घेतले. बाजीप्रभू उभे राहिले, दुसरा पुढे जावा म्हणून. आपला देवसुद्धा भक्तासाठी विटेवर उभाच आहे. दुसऱ्यासाठी जागा न सोडता उभे राहणे म्हणजे काय, हे विठ्ठलाच्या भक्ताला वेगळे शिकवायला नको.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ती रात्र आषाढी पौर्णिमेची. आपल्या परंपरेत त्याच तिथीला गोपाळपुरात काला होतो. प्रत्येकाची शिदोरी एकात मिसळते, मग कुणाची भाकरी कोणती हे सांगता येत नाही. त्या खिंडीत कोण कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हेही असेच मिसळून गेले. बाजीप्रभूंचे नाव आपल्याला ठाऊक आहे, पण त्यांच्याबरोबरच्या बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. काल्यात मिसळलेल्या घासासारखे ते झाले.

मग वारकऱ्याने गडावर कसे जावे? पंढरपुरात महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून नामदेवराय त्या पायरीशी विसावले, असे आपण मानतो. तिथे आपण काय करतो? थांबतो, वाकतो, हात लावतो आणि पायरीवर पाय न देता ओलांडून आत जातो. पायरीपुढे थांबल्याने देवाचे दर्शन उशिरा झाले अशी तक्रार कोणी करत नाही. हीच रीत वाटेवर न्यावी. राजदिंडीपाशी थांबावे. शिवा काशीदांच्या समाधीपुढे क्षणभर नाम घ्यावे. वाटेतल्या धनगरवाड्यात पाणी मागितले तर माउली म्हणून मागावे. पालखीच्या मुक्कामानंतर जसे आपले सेवेकरी तळ झाडून काढतात, तसा नेलेला कचरा परत आणावा. मसाई पठारावर पावसाळा सरता सरता बारीक रानफुले येतात. त्यांच्यावरून गाडी घालू नये, ती पायरीच समजावी.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांत पन्हाळा आहे. आता देशोदेशींचे लोक येतील, गर्दी वाढेल. त्यांना दुर्ग दाखवायला वाटाडे मिळतील. पण दुर्गापुढे कसे उभे राहायचे, हे इथल्याच माणसाच्या वागण्यातून त्यांना दिसेल. ते दाखवायला आपल्याइतका सराव कोणाला आहे? शेकडो वर्षे आपण चालत जाऊन हात जोडून उभे राहायलाच तर शिकलो आहोत.

तेव्हा माउली, जरूर जा. पंढरीची वारी चुकवून नव्हे, वारीने पायांना जे शिकवले ते बरोबर घेऊन जा. आणि परतल्यावर घरच्यांनी विचारले, "काय काय पाहिलेस?" तर जे पाहिले ते सांगा. मग मात्र रात्री दिवा मालवताना स्वतःलाच विचारा: आज मला कोणी पाहिले असेल, तर त्याला काय दिसले असेल?

राम कृष्ण हरी.