पडकं सरकार आणि आपला प्रश्न

मागल्या जयंतीची गोष्ट. वस्तीत दोन गट, दोघांचं तोंड दोन दिशेला. कसंबसं जुळवून एक कमिटी केली. मी दुसरी पाळी उरकून आलो तेव्हा समाजमंदिरात बैठक चाललेली. अंगाला सरकीचा वास, डोळ्यांत झोप. घरटी वर्गणी जमली होती, पण वही कुठं दिसेना. विचारायला तोंड उघडलं तसा शेजारच्यानं माझा गुडघा दाबला. "आत्ता नको गड्या. दोन्ही गट कधी नव्हे ते एका सतरंजीवर बसलेत. तू विचारशील नि कमिटी फुटंल."

मी गप्प बसलो. जयंती झाली. हिशेब काही मिळाला नाही. आणि कमिटी? ती पावसाळ्यात फुटलीच, खुर्चीवरून. माझ्या गप्प बसण्यानं काय वाचलं मग?

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या समाजमंदिरापुरता नाही. जे आपलं आहे, निदान आपल्या बाजूचं आहे, आणि एका धक्क्यात पडेल असं आहे, त्याला जाब विचारावा का?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना हीच गाठ सोडवायला घेतली होती. ते म्हणाले ते थोडक्यात असं : सरकार टिकाऊ हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत टिकाऊपणा जास्त देते, इंग्लंडची जबाबदारी जास्त देते. आपल्या मसुद्यानं जबाबदारीला वरचं पान दिलं. म्हणजे मतदार पाच वर्षांनी हिशेब घेतील ते वेगळं. सभागृहानं तो रोज घ्यायचा. प्रश्न, ठराव, तहकुबी, अविश्वास ही त्याची हत्यारं. सरकार डळमळीत असेल तर हत्यारं म्यान करा, अशी सूट त्यांनी कुठं दिलेली नाही.

आता खरं कठीण उदाहरण घेऊ. १९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले. जनता दल हा लोकसभेतला सगळ्यात मोठा पक्षसुद्धा नव्हता; तो काँग्रेस होता आणि विरोधात बसला होता. सरकारला बाहेरून टेकू दोन : एकीकडं भाजप, दुसरीकडं डावे. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण बाप अजून सांगतो, १९९० साल आपलं साल होतं. बाबासाहेबांना भारतरत्न, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचं तैलचित्र, बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती, आणि ७ ऑगस्टला मंडलची घोषणा. हे सगळं त्या पडक्या सरकारानं केलं. बहुमताच्या जोरावर छाती काढून चालणाऱ्यांनी मंडल अहवाल दहा वर्षं धूळ खात ठेवला होता.

मग अशा सरकारला प्रश्न विचारायचे? विचारायचे. का ते ऐका. ॲट्रॉसिटीचा कायदा आधीच्या सरकारात, १९८९ मध्ये झाला आणि ३० जानेवारी १९९० ला लागू झाला. त्याचे नियम यायला १९९५ उजाडलं. पाच वर्षं, तीन पंतप्रधान. फौजदारानं काय करायचं, कलेक्टरनं गावात जाऊन काय करायचं, पीडिताला किती मदत मिळायची, हे कागदावर यायलाच पाच वर्षं. भारतरत्न एका दिवसात देता येतं. नियमांसाठी मात्र कुणीतरी दारात उभं राहून रोज कडी वाजवावी लागते. मित्राचं दार म्हणून कडी वाजवायची नाही, तर ज्याचं घर जळालं त्यानं कुठं जायचं?

"पण आपल्या प्रश्नानं सरकार पडलं असतं तर?" असं आमच्यातला एक कार्यकर्ता नेहमी विचारतो. त्याला मी म्हणतो, ते सरकार कशानं पडलं ते तरी बघ. २३ ऑक्टोबर १९९० ला अडवाणींना समस्तीपूरला अटक झाली, भाजपनं टेकू काढला, आणि ७ नोव्हेंबरला सरकार विश्वासाचा ठराव हरलं. बाजूनं १४२, विरुद्ध ३४६. नियमांचं काय झालं, अनुशेष किती, असल्या प्रश्नानं कुणी त्याला पाडलं नाही. पाडणाऱ्याला उत्तर नकोच असतं.

इथं एक भेद पकडायला हवा. प्रश्नोत्तराच्या तासात मतदान नसतं. मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, सभासदानं पुरवणी प्रश्न टाकून त्याला अजून खोदायचं. सरकार पडतं ते मतानं. प्रश्न आणि मत ही दोन वेगळी हत्यारं आहेत, दोन्ही एकाच हातात असली तरी. सकाळी जाब विचारून संध्याकाळी त्याच सरकारला मत देता येतं, त्यात बेइमानी नाही. डाव्यांचंच बघा, ते बाहेर बसले, पण ७ नोव्हेंबरला सरकारच्या बाजूनं उभे राहिले. उलट प्रश्न एकही नाही आणि ऐन वेळी मत विकायला काढलेलं, असले गडीही लोकशाहीनं पुष्कळ पाहिले.

विरोधी पक्षालाही हेच माप. १९६३ च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव आणला. बाजूनं ६२, विरुद्ध ३४७. पडणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी आणला, कारण चीनच्या युद्धानंतर सरकारला सभागृहात उभं करून बोलायला लावायचं होतं. तो जाब. आणि पडकं सरकार दिसलं की नुसतीच आकडेमोड, कोण फुटतो, कोण कितीला, तो जाब नव्हे. १९७९ मध्ये चरणसिंगांना पंतप्रधान केलं आणि लोकसभेला तोंड देण्याआधीच टेकू काढला. त्या सरकारला सभागृहात एक प्रश्न विचारायची सोय राहिली नाही. च्यायला, विचारायचं कुणाला?

अजून एक. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मतानं गेलं, २६९ विरुद्ध २७०. त्या दिवशी मूठभर खासदारांच्या पक्षाच्या दारात गाड्यांची रांग होती. भक्कम बहुमताच्या सभागृहात आपल्या माणसाला पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. सरकार पडकं असतं तेव्हाच आपला आवाज ऐकू जातो. आणि नेमकं तेव्हाच आपल्याला सांगतात, आत्ता नको.

हे लिहिताना माझाही गुडघा आठवतो. त्या शेजाऱ्यावर माझा राग नाही, त्याला खरंच कमिटी टिकवायची होती. पण त्यानं गुडघा दाबला आणि मी तो दाबू दिला. मला वही मागून कमिटीतच राहता आलं असतं. ते सुचलं नाही, की सुचूनही जमलं नाही, हे अजून माझं मलाच उमगत नाही.

येत्या रविवारी नवी कमिटी बसतेय. ह्यावेळचे गट तीन. मी पाळी बदलून घेतलीय.