आईचा सांभाळ कोणी करावा?

लोह्याकडील एका खेड्यांत एक विधवा आई आहे, असें समजूं. थोरला मुलगा शेती करितो. धाकटा पुण्यास नोकरीस आहे. आई चूल पेटवून विसरते, मध्यरात्रीं माहेरीं जावयास निघते, आणि पोटच्या मुलास 'तूं कोणाचा रे?' असें विचारते. धाकटा म्हणतो, 'मी पैसे भरतों, तिला लातुरास एखाद्या वृद्धाश्रमांत ठेवूं.' थोरला म्हणतो, 'गांव तोंडांत शेण घालील.' ह्यांत धर्म कोणाच्या बाजूस आहे?

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, ही भूतबाधा नव्हे, नुसता म्हातारचळही नव्हे. हा मेंदूचा रोग आहे. १९०६ सालीं आल्झायमर नांवाच्या जर्मन वैद्यानें त्याच्या मुख्य प्रकाराची माहिती जगापुढें मांडिली. तो समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. तथापि थायरॉइडच्या विकारानें किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेंही विस्मरण होतें, व तें उपचारानें सुधारूं शकतें. यास्तव वाद घालण्यापूर्वीं आईस नांदेड किंवा लातूर येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत दाखवावें.

आतां थोरल्यास आम्ही विचारितों, बाबा, रात्रीं तिच्यामागें धांवतें कोण? तिचें ओलें लुगडें बदलतें कोण? बहुधा तुझी बायकोच. आपल्या अब्रूसाठीं दुसऱ्याच्या पाठीवर ओझें ठेवावें, आणि त्यास मातृभक्ति म्हणावें, हें न्यायाचें नव्हे.

धाकट्यासही आमचें सांगणें आहे. प्रभु येशूनें वधस्तंभावरून आपल्या आईस शिष्याच्या हवालीं केलें. तेव्हां आईचा सांभाळ दुसऱ्याकडे सोंपविणें हें स्वतः पाप नव्हे. परंतु मरणाच्या यातनांतही त्यानें तिच्याकडे पाहिलें, व तिला कोणाच्या घरीं ठेवितों हें जाणूनच ठेविलें. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं जाऊन पाहा: तेथें रात्रीं जागें कोण असतें? औषध कोण देतें? पुष्कळ वृद्धाश्रम स्वतःचें स्वतः करणाऱ्या वृद्धांसच घेतात, हेंही विचारून घ्या. आणि ठेविल्यावर भेटीस जात राहा.

खर्चाविषयीं आमचें मत असें. आईच्या नांवें जमीन असेल तर तिचें उत्पन्न प्रथम आईस लागावें; वाटणीची गोष्ट मागाहून. उरलेलें भावंडांनीं मिळकतीप्रमाणें द्यावें, आणि जो हातानें सेवा करितो त्याची सेवा पैशांतच मोजावी. आश्रम परवडत नसेल, तर दिवसाचे कांहीं तास मदतीस बाई ठेवण्यापुरतें तरी धाकट्यानें पाठवावें. देवास वाहिलेलें द्रव्य म्हणून आईबापांस न देणाऱ्यांचा प्रभूनें निषेध केला, हें मंडळीस वर्गणी देणाऱ्यांनींही विसरूं नये.

२००७ च्या केंद्रीय कायद्यानें आईबापांचा निर्वाह मुलांवर व मुलींवरही बंधनकारक केला आहे. त्यासाठीं उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करितां येतो, आणि वृद्धास टाकून देणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. परंतु कायदा पैसा मिळवून देईल. मुलाची भेट मिळवून देणार नाहीं.

तेव्हां भाऊबहिणींनो, सुगी आटोपली म्हणजे एकत्र बसा, आणि पहिला शब्द त्या सुनेस बोलूं द्या.