शिकले किती, हे कुणी सांगावं?

मुलीसाठी कॉलेजं बघत हिंडताना मी प्रत्येक ठिकाणी विचारलं, चार वर्षांत मुलं नेमकं काय शिकतात? उत्तरादाखल जिम, डॉर्म आणि पदवीनंतरचे पगार ऐकायला मिळाले. शिकण्याचं मोजमाप करून ते जाहीर करा, असं शिक्षणमंत्री स्पेलिंग्ज यांच्या आयोगाने २००६ सालीच सुचवलं होतं. अरम आणि रोक्सा यांच्या २०११ सालच्या पुस्तकात तर पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के मुलांची विचारक्षमता आणि लेखन फारसं सुधारलेलं आढळलं नाही.

पण मी स्वतः प्राध्यापक. आमच्या विभागात असे निकाल जाहीर करण्याचा ठराव आला, तेव्हा मी विरोधात हात वर केला. गुण छापले की आपण चाचणीपुरतंच शिकवणार. कच्ची मुलं घेणारी कॉलेजं उगाच बदनाम होणार. (आपल्या वेळच्या बोर्डाच्या गुणवत्ता याद्या आठवा!) कारणं खरीच होती. त्यांच्याआड थोडी भीतीही होती, हे मात्र सभेत बोललो नाही.

घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "बाबा, तुझ्या वर्गातली मुलं किती शिकतात?"

मला त्यांच्या फक्त ग्रेड्स ठाऊक होत्या. या सत्रात पहिल्या आठवड्यातले निबंध जपून ठेवले आहेत. शेवटी तोच विषय पुन्हा देणार आहे.